द्राक्षाच्या शेडमध्ये लॅब्रेडॉर: १२ लाखांचा हिशोब तपासून पाहू

दादा, तुमचा प्रश्न मला कळला तसा आधी मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ राहील. दिंडोरी तालुक्यात तुमची द्राक्षबाग आहे. पॅकिंगची पत्र्याची शेड हंगाम संपला की रिकामी पडते. अवकाळी, गारपीट आणि पैसे बुडवून गायब झालेला व्यापारी यांनी मेटाकुटीला आणलंय, म्हणून जोडधंदा हवाय. मित्राने गणित दिलंय: लॅब्रेडॉरच्या ५ माद्या, १ नर, प्रत्येकीची वर्षाला २ वेतं, वेताला ८ पिल्लं, पिल्लाचे १५,००० रुपये. म्हणजे वर्षाला १२ लाख. वहिनी म्हणतात, हे पाप आहे. तुम्ही विचारलंय की गणित बरोबर आहे का, कायदा आडवा येईल का, आणि घरात काय उत्तर द्यायचं.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. पिल्लं विकणारेही माझ्याकडे येतात आणि ती विकत घेऊन आठवड्याभरात रडत येणारेही, त्यामुळे या धंद्याची दोन्ही टोकं एकाच टेबलावर दिसतात. मित्राचं गणित खोटं नाही, अर्धं आहे. उत्पन्नाची बाजू पूर्ण लिहिलीय आणि खर्चाची बाजू कोरी ठेवलीय. या धंद्यात नफा निघतो तो त्या कोऱ्या बाजूतूनच, हे एकदा दिसलं की तुमचे तिन्ही प्रश्न एकच होतात.

आधी एका मादीचा हिशोब नीट करून बघू. आकडे ढोबळ आहेत. खाद्याचा ब्रँड, गाव, डॉक्टर यांप्रमाणे बदलतील, तुम्ही तुमचे घालून बघा. तीस किलोच्या लॅब्रेडॉरला बरं कोरडं खाद्य द्यायचं तर महिन्याला साधारण ३,००० रुपये लागतात. वर्षाचे ३६,०००. लसी, जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, अधूनमधून तपासणी याचे ९,००० धरा. ती व्यायली नाही तरी हे ४५,००० जाणारच.

आता वेताचा खर्च. गाभण असताना शेवटच्या तीन आठवड्यांत तिला जास्त आणि पाजत असताना नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं, त्याचे वरचे १२,०००. मेटिंगआधीच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी, पिल्लं मोजायला शेवटी एक एक्स-रे, बाळंतपणाचं सामान मिळून ६,०००. चौथ्या आठवड्यापासून पिल्लं स्वतः खायला लागतात आणि आठ पिल्लं एकत्र खायला लागली की खाद्याची पिशवी बघता बघता संपते; नवव्या आठवड्यापर्यंत १०,०००. प्रत्येक पिल्लाला दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात जंतांचं औषध, पहिली लस आणि मायक्रोचिप मिळून २,५०० धरू. आठपैकी एखादं पिल्लू पहिल्या आठवड्यात जातंच, एखादं बाहेरच्या नराच्या मालकाला द्यावं लागतं, किंवा स्वतःचा नर ठेवलात तर त्याच्या खाण्यात जातं. विकायला सहा उरली, तर त्यांचे १५,०००. वेताचे एकूण ४३,०००.

४५ आणि ४३ मिळून ८८,००० झाले. सहा पिल्लं १५,००० ला गेली तर आले ९०,०००. हातात उरले २,०००.

यात तुमची मजुरी नाही. सिझर करावं लागलं तर तो खर्च नाही. मादी लहान घेतलीत तर पहिलं वेत येईपर्यंतची दोन वर्षं फुकट खाऊ घालायची, तेही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिची वेतं संपल्यावर ती मरत नाही. लॅब्रेडॉर दहा-बारा वर्षं जगतं. आठव्या वर्षी थांबवलंत तरी पुढची तीन-चार वर्षं तिचे ३६,००० आणि म्हातारपणाची औषधं चालूच.

शिवाय १५,००० हा गिऱ्हाइकाने दिलेला भाव आहे, तुमच्या हातात पडणारा नाही. गंगापूर रोडच्या किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटमधलं गिऱ्हाईक तुमच्या शेडपर्यंत शोधत येत नाही. मध्ये दलाल असतो. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवणारा, फोनवर सौदा करणारा, पिल्लू टोपलीत घालून एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने पाठवणारा. तो शेतकऱ्याकडून पिल्लू ४,०००-५,००० ला उचलतो. तुम्हाला ही साखळी मी समजावून सांगायला नको, द्राक्षात तुम्ही ती भोगली आहे.

मग बाकीचे लोक कमावतात कसे? तीच मादी, पण हिशोब दुसरा. वर्षाला शक्य तर दोन वेतं, म्हणजे १६ पिल्लं. खायला चिकनच्या दुकानातली पाय-मुंडी आणि भात, हॉटेलचं उरलेलं, वर्षाचे १२,०००. लसी नाहीत, चिप नाही, एक्स-रे नाही. किरकोळ औषधपाणी, नराचे पैसे वगैरे ६,०००. पिल्लं ३५-४० दिवसांची झाली की दलालाला एकगठ्ठा. चार गेली तरी १२ उरतात, ५,००० प्रमाणे ६०,०००. खर्च १८,००० वजा जाता ४२,००० रुपये. पाच माद्यांचे २ लाख १० हजार.

म्हणजे १२ लाखांचे सगळं वाचवून-कापून २ लाख झाले, आणि नीट केलं तर १०,००० झाले. हे दोन कागद शेजारी ठेवून ४२,००० आले कुठून ते बघा. २४,००० मादीच्या ताटातून आले. ९,००० तिच्या लसी-औषधांतून. उरलेले पिल्लांच्या पोटातून आणि दुसऱ्या वेतातून. पैसा कुठूनही निर्माण झालेला नाही, फक्त सरकवलेला आहे: मादीच्या अंगावर, पिल्लाच्या अंगावर, आणि शेवटी पिल्लू घेणाऱ्या माणसाच्या खिशावर.

तो गिऱ्हाइकाच्या खिशावर कसा सरकतो, हे मला रोज दिसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. पिल्लू ३५-४० दिवसांतच का विकतात? एक तर चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर ते खायला लागतं, म्हणजे खर्च सुरू होतो. दुसरं, त्या वयात ते सगळ्यात गोजिरवाणं दिसतं. आणि तिसरं कारण कोणी बोलून दाखवत नाही. पिल्लाला पहिल्या दिवशीच्या चिकातून आईची प्रतिकारशक्ती मिळते, ती पुढच्या आठवड्यांत उतरत जाते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पिल्लू उघडं पडायला लागतं. आधीच उपाशी, जंतांनी पोट भरलेलं, त्यात प्रवासाचा ताण. शेडमध्ये किंवा दलालाच्या पिंजऱ्यात पार्व्होचा विषाणू असेल तर तो घेऊनच ते घरी येतं, आणि लागण झाल्यापासून आजार दिसायला तीन ते सात दिवस लागतात.

आता दलालाची ‘तीन दिवसांची गॅरंटी’ आठवा. ती तीनच दिवसांची का असते, ते कळलं असेल. चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू ओकायला लागतं, रक्ताची जुलाब होते, आणि फोन केला की उत्तर तयार असतं: आमच्याकडे खेळत होतं, तुम्ही काय खायला घातलंत? माणूस गयावया करत दवाखान्यात येतो. पार्व्हो आतड्याचं अस्तर सोलून काढतो आणि पांढऱ्या पेशी पाडतो. वेळेत सलाइन आणि बाकीचे उपचार मिळाले तर बहुतेक पिल्लं वाचतात, नाही मिळाले तर बहुतेक जातात. उपचाराचं बिल पुष्कळदा पिल्लाच्या किमतीएवढं होतं. १०,००० चं स्वस्त पिल्लू त्याला २०-२५ हजारांना पडलेलं असतं आणि घरातलं लहान मूल दवाखान्याच्या बाकावर बसलेलं असतं. तुमच्या शेडला ती लस पाचसातशे रुपयांत पडली असती.

तुमच्या शेडमध्ये एकदा पार्व्हो शिरला तर काय, हेही व्यापाराच्याच दृष्टीने बघा. हा विषाणू मातीत, फरशीच्या फटींत कित्येक महिने टिकतो. आपण सवयीने फिनेल टाकतो, त्याने तो जात नाही. ब्लीचने, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटने जातो, पण आधी घाण पूर्ण धुऊन काढली तरच, आणि मातीच्या अंगणाला ब्लीच मारून उपयोग नाही. एक वेत गेलं की पुढचंही त्याच जागेत जन्माला घालायचं असतं.

मग मादीकडे येते. तुमच्या मित्राने ‘वर्षाला दोन वेतं’ म्हटलंय. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, गर्भ ६३ दिवसांचा असतो, त्यामुळे शरीरशास्त्राप्रमाणे ते शक्य आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: सलग माजाला मेटिंग करावं की मध्ये एक सोडावा, यावर आमच्याच क्षेत्रात दोन मतं आहेत. काही प्रजननतज्ज्ञ म्हणतात की कुत्रीत माज फुकट गेला तरी तेच संप्रेरक दोन महिने गर्भाशयावर काम करत असतं, मग तरुणपणी सलग दोन वेतं घेऊन लवकर नसबंदी केलेली बरी. हे मत मी खोडून काढणार नाही. पण त्याच्या अटी ऐका: मादीचं वजन पूर्ण भरून आलेलं हवं, रक्त तपासलेलं हवं, आणि दोन-तीन वेतांनंतर खरंच थांबायला हवं. ज्यांच्याकडे या अटी पाळायला पैसे असतात त्यांना वर्षाला दोन वेतांची घाई नसते. तुम्ही बागाईतदार आहात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, वेलाला वर्षात दोनदा कात्री लागते, पण घड आपण एकदाच घेतो. मधला काळ काडी तयार व्हायला देतो. काडी नीट पिकली नाही तर पुढच्या घडात काय दिसतं, ते तुम्ही मला सांगाल.

अशा माद्या माझ्याकडे येतात तेव्हा ओळखू येतात. सड लोंबलेले, पाठीचा कणा बोटांनी मोजता येतो, केस पातळ, दात पिवळे. पाजताना कॅल्शियम उतरून झटके येतात, ते लहान जातींत जास्त, शित्झू-पॉमेरेनियनमध्ये. नसबंदी न केलेल्या माद्यांना माज संपल्यावर गर्भाशयात पू होतो, रात्रीतून ऑपरेशन करावं लागतं. आणि एकच नर सगळ्या माद्यांना वापरला की एकीचा आजार सगळ्यांना जातो. जननेंद्रियावर होणारी संसर्गजन्य गाठ आपल्याकडे सर्रास दिसते, ती इंजेक्शनांनी बरी होते. पण ब्रुसेला नावाचा जिवाणू शिरला तर माद्या दीड-पावणेदोन महिन्यांच्या गाभण असताना टाकतात, खात्रीचा इलाज नाही, आणि तो माणसालाही होऊ शकतो. बाळंतपणं करणारे तुम्ही आणि वहिनीच असणार.

तोच नर तिसऱ्या वर्षीही ठेवलात आणि घरचीच एखादी पोर राखून ठेवलीत तर बाप-लेकीचा संबंध लागतो. लॅब्रेडॉरमध्ये आधीच खुब्याचे दोष आणि हळूहळू आंधळं करणारा डोळ्यांचा अनुवांशिक आजार आहे. खुब्याचा दोष सात आठवड्यांच्या पिल्लात हाताला लागत नाही, वर्ष-दीड वर्षाने लंगडायला लागल्यावर दिसतो. तोवर विकणारा नंबर बदलून बसलेला असतो.

तुमच्या शेडबद्दल थोडं. नव्याने जन्मलेल्या पिल्लाला स्वतःच्या अंगात उष्णता धरता येत नाही, पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवती ३० अंशांच्या आसपास ऊब लागते. आपल्याकडे निफाडचा पारा थंडीत पाच अंशांच्या घरात जातो, दिंडोरी काही फार मागे नसते, आणि शेतीची लाइट कधी दिवसा तर कधी रात्री. पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीत वेत आलं आणि रात्री दिवा गेला तर सकाळी आठातली चार थंड पडलेली मिळतील. मे महिन्यात उलटं. शिवाय फवारणी, आणि छाटणीनंतर डोळे फुटायला डॉर्मेक्स हे विषारी रसायन लावायचे दिवस. कुत्रं जे दिसेल ते चाटतं. बागेतल्या विषबाधेच्या केस आम्हाला दर हंगामात बघायला मिळतात.

कायद्याचं सोपं आहे, निदान कागदावर. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे नियम आले. त्याप्रमाणे विकण्यासाठी पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ‘आम्ही घरगुती करतो’ ही पळवाट नाही. दलाल आणि मधले हाताळणारेसुद्धा याच व्याख्येत येतात. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय मेटिंग नाही, ८ वर्षांनंतर नाही, १२ महिन्यांत एकच वेत, आयुष्यात ५ पेक्षा जास्त नाहीत, मेटिंगआधी डॉक्टरांचा दाखला, ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मायक्रोचिप हवी, नोंदवह्या हव्यात. आता मित्राचं गणित पुन्हा बघा. वर्षाला दोन वेतं म्हटलं तिथेच ते बेकायदा झालं, आणि ३५ दिवसांचं पिल्लू दलालाला दिलंत तर दुसऱ्यांदा.

‘पण करतात ना सगळे’, हे तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे. पन्नास रुपयांत आज एक बरं बँडेज येत नाही. नोंदणी तपासायला गावोगाव कोणी फिरत नाही. त्यामुळे पकडले जाल अशी भीती मी घालणार नाही. एवढंच सांगते की नियम पाळणाऱ्याचा हिशोब पहिल्या कागदावरचा आहे आणि तोडणाऱ्याचा दुसऱ्या, आणि बाजारात दोघांची पिल्लं एकाच भावाने मागितली जातात. म्हणून चांगलं करणारा टिकत नाही. नाशिकमध्ये दोन-तीन माद्या ठेवणारे, खुब्यांचे एक्स-रे काढणारे, गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेऊन मगच पिल्लू देणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्यातल्या एकाचंही घर त्यावर चालत नाही. नोकरी किंवा दुकान वेगळं आहे, हा त्यांचा खर्चिक नाद आहे.

इथे कागदांबद्दल एक गैरसमज काढते, कारण मित्राने ‘केसीआय पेपर असले की भाव दुप्पट’ असंही सांगितलंय म्हणता. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी वंशावळ सांगते, आई-बाप कोण ते. पिल्लू निरोगी आहे किंवा आईला नीट ठेवलंय, हे ती सांगत नाही. भाव वाढतो हे खरं, पण त्यासाठी मुळात नोंदणीकृत माद्या घ्याव्या लागतात आणि त्या महाग असतात.

हा सगळा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मिसूरी, कॅन्सससारख्या शेतीच्या राज्यांत, पिकाने हात दिला नाही तेव्हा शेतकऱ्यांनी कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यांत कुत्री पाळून पिल्लं दुकानांना विकायला सुरुवात केली. रिकामी शेड, अडचणीतला शेतकरी, मध्ये व्यापारी: तुमचीच गोष्ट. तिथे १९६६ मध्ये प्रयोगशाळांतल्या प्राण्यांसाठी कायदा आला, १९७० मध्ये तो घाऊक पिल्लं विकणाऱ्यांनाही लागू झाला, परवाने आले, तपासनीस आले, तरी तारेच्या पिंजऱ्यांतल्या माद्या संपल्या नाहीत, कारण गिऱ्हाईक दुकानाच्या काचेतलं पिल्लू बघत होतं, आई कुठे आहे हे त्याला दिसतच नव्हतं. इंग्लंडने २०२० मध्ये वेगळी पाचर मारली. सहा महिन्यांच्या आतलं कुत्र्या-मांजराचं पिल्लू दलालाने किंवा दुकानाने विकायचंच नाही. घ्यायचं तर थेट पैदास करणाऱ्याकडून किंवा निवारा केंद्रातून. विक्रीच्या वेळी पिल्लू आईसोबत दिसलं पाहिजे. लुसी नावाच्या कुत्रीवरून तो कायदा ओळखला जातो; वेल्समधल्या अशाच एका फार्ममधून तिला सोडवलं होतं. मला हा मार्ग जास्त पटतो. तपासनीस हजार शेडमध्ये पोचू शकत नाही, पण घेणाऱ्याने आई बघायचा हट्ट धरला की मधला माणूस आपोआप उघडा पडतो.

आपल्याकडे हट्ट वेगळ्याच गोष्टींचा असतो. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि पुढची कित्येक वर्षं आम्ही नाकपुड्या बंद असलेले, उन्हाळ्यात धापा टाकणारे पग तपासत बसलो. मग हस्की आले. चाळीस अंशांच्या नाशिकमध्ये हस्की! आता शित्झू. फॅशन फिरते तेव्हा मादी तीच राहते, भाव मात्र पडतो. आज घेतलेल्या पिल्लाचं पहिलं वेत विक्रीला यायला दोन वर्षं जातात, तोवर लॅब्रेडॉर कोणाला हवं असेल हे मला सांगता येणार नाही, तुमच्या मित्रालाही नाही. न विकलेलं पिल्लू चार महिन्यांचं झालं की निम्म्या भावात जात नाही, आणि खातं मात्र चौपट.

न विकलेल्यांचं आणि भाकड झालेल्यांचं काय होतं? गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडे, त्र्यंबक रोडला, पेठच्या घाटाकडे लोकांना जातिवंत कुत्र्या भटकताना सापडतात, आणि सड बघितले की कुठून आल्या ते विचारावं लागत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यासारखी त्यांना हद्द माहीत नसते, कचरा उकरता येत नाही, गाडीला बाजू देता येत नाही. आठवड्याच्या आत गाडीखाली जातात किंवा गोचीडतापाने. दुसऱ्या कागदावर ‘म्हातारपणाचा खर्च: शून्य’ लिहिलेलं असतं ना, तो शून्य असा येतो.

म्हणून वहिनींच्या बोलण्यावर मला एवढंच म्हणायचंय. पैदास करणंच पाप, असं मी म्हणणार नाही. तसं असतं तर मी त्या दोन-तीन जणांची बाळंतपणं केली नसती. पण तुम्हाला हा जोडधंदा द्राक्षाचा तोटा भरून काढायला हवाय. म्हणजे पहिल्या वर्षी पैसा यायलाच हवा. ज्याला पैसा यायलाच हवा त्याच्या हातून पहिला कागद दुसऱ्या कागदात कसा बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय. कोणी क्रूर म्हणून सुरू करत नाही. आधी महागडं खाद्य बंद होतं. मग एक लस पुढे ढकलली जाते. मग ‘या वेळी दलालाला देऊ, पुढच्या वेळी थांबू’. बँकेचा हप्ता आणि मादीचा माज एकाच महिन्यात आला की निर्णय आधीच झालेला असतो. वहिनींना हे आकड्यांत मांडता आलं नसेल, पण त्यांना दिसलंय ते हेच.

मग शेडचं काय? कुत्र्यांतच काही करायचं असेल तर बोर्डिंगचा विचार करा. गावाला जाताना कुत्रं कुठे ठेवायचं, हा प्रश्न मला दर दिवाळीला आणि मे महिन्यात लोक विचारतात, आणि खात्रीची जागा सांगायला माझ्याकडे थोडीच नावं असतात. दिवसाला ५०० ते ८०० रुपये लोक देतात असं ऐकते. दहा कुत्री, वर्षातले साठ-सत्तर भरलेले दिवस धरले तरी पहिल्या कागदावरच्या पाच माद्यांपेक्षा जास्त उरतं, आणि सुट्टी संपली की कुत्रं आपल्या घरी जातं. पण यातही अटी आहेत. लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही. दोन दारं हवीत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर घाबरलेलं कुत्रं थेट महामार्गावर. माजावर आलेली मादी परत पाठवायची. मेमध्ये शेड रिकामी असते ते बरं आहे, पण दिवाळी छाटणीनंतरच्या डिपिंगच्या, म्हणजे घड संजीवकात बुडवण्याच्या, आगेमागे येते. त्या दिवसांत तुमच्याकडे माणूस मोकळा असेल का, ते आधी बघा.

शेडपासून फवारणीची टाकी किती अंतरावर आहे, रात्रीची लाइट किती तास असते आणि तिथे रात्री झोपणारं माणूस कोण, एवढं इथेच लिहून कळवा. जमणारं असेल तर कप्प्यांची मापं आणि पहिल्या वर्षाचा खर्च मी लिहून देते. या वेळी दोन्ही बाजू भरून.